उद्देशाचा रकाना

२०२४ सालच्या श्रावणातली गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, शिपाई वर्गांना कुलपे लावत होता आणि मी कार्यालयात बसून हजेरीपटाच्या बेरजा तपासत होतो. बाहेर बेळगावचा पाऊस, म्हणजे तो पडतो आहे याची कुणी दखलही घेत नाही असा. एवढ्यात भिजलेला रेनकोट दारातच झटकून माझा भाचा आत आला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक फॉर्म काढून त्याने माझ्यासमोर ठेवला.

"मामा, इथं तुमची सही पाहिजे."

पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज होता. वरचा मजकूर कानडीत, खालचा इंग्रजीत. आमच्या भागातल्या माणसाला असा कागद वाचायला अडचण येत नाही. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि शेऱ्यापुरती इंग्रजी अशी आमची तिपेडी वेणी लहानपणीच घातली जाते. 'सालद उद्देश' असा एक रकाना होता. साल म्हणजे वर्ष की झाडाची साल, यावर शाळेत असताना आम्ही विनोद करायचो. कानडीत साल म्हणजे कर्ज. पुढचा शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच. उद्देश. त्याच्या खाली जामीनदार, तोही शब्द दोन्हीकडे जवळजवळ तसाच. संस्कृत आणि फारसी यांनी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना कर्जबाजारी करून ठेवले आहे म्हणायचे! जामीनदाराच्या जागी माझे नाव भाच्याने आधीच पेन्सिलीने लिहून ठेवले होते.

उद्देशाच्या रकान्यात लिहिले होते, 'डिझाइनच्या व्यवसायासाठी संगणक'. रक्कम साडेतीन लाख.

माझ्या निवृत्तीला तेव्हा जेमतेम पाच वर्षे उरली होती. परंतु मला पैशाची धास्ती वाटली असे म्हणणे खोटे ठरेल. मुलगा कष्टाळू आहे. बिल्डर लोकांना तो इमारतींची चित्रे करून देतो. अजून पायाही न खणलेली इमारत, तिच्या गच्चीवरच्या कुंड्या, पोर्चमधली गाडी, भिंतीवर तिरपे पडलेले संध्याकाळचे ऊन, सगळे तो असे उभे करतो की बघणाऱ्याने खिशात हात घालावा. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, गोवा असे चहूकडून त्याला काम येते. माझी धास्ती वेगळी होती. रात्री अकरानंतर त्याच पडद्यावर तो खेळतो, हे मला ठाऊक होते. माझ्या बहिणीनेच मला सांगितले होते. आणि फॉर्मसोबत जोडलेल्या कोटेशनात दोन ग्राफिक्स कार्डे होती, त्यांना थंड ठेवण्यासाठी पाण्याचा पंप आणि रेडिएटर होता, नळ्या होत्या, नळ्यांतून दिसणारे दिवे होते.

एका संगणकाला दोन कार्डे कशाला? मी मनातल्या मनात हिशेब मांडून मोकळा झालो. एक कामाचे, एक खेळाचे. कामाच्या नावावर खेळाचे कर्ज आणि त्याच्यावर माझी सही.

"सोमवारी बोलू," मी म्हणालो. तीस वर्षे शिक्षकी केलेल्या माणसाला हे वाक्य चांगले येते.

मी एम. ए. केले ते तत्त्वज्ञान घेऊन, धारवाडला. पोटासाठी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, पण ती जुनी खोड गेली नाही. त्या दोन दिवसांत मी त्या रकान्याचाच विचार करत राहिलो. माणसाच्या कृतीला दोन उद्देश असतील आणि त्यातला एकच त्याने कागदावर लिहिला, तर ते खोटे बोलणे होते का? लिहिलेला शब्द खरा आहे. न लिहिलेला शब्द कुणी विचारलेला नाही. मग खोटेपणा आहे तो कुठे?

सोमवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. जाताना मनात न्यायाधीशाचा झगा चढवूनच गेलो होतो. तो झगा पहिल्या अर्ध्या तासात उतरवावा लागला.

"मामा, खेळाला दुसरं कार्ड लागतच नाही," भाचा म्हणाला. "उलट आहे सगळं."

मग त्याने मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. दोन कार्डे जोडण्याची हौस जुनी आहे आणि ती खेळापासूनच सुरू झाली. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीचे व्हूडू २ हे कार्ड आले. अशी दोन कार्डे जोडली की पडद्यावरच्या ओळी ती आळीपाळीने काढत, एक ओळ याची, एक त्याची. पुढे ती कंपनी बुडाली, तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली आणि २००४ मध्ये तेच एसएलआय हे नाव नव्या अर्थाने बाजारात आणले. दुसऱ्या वर्षी एटीआयने क्रॉसफायर काढले. आता ओळींऐवजी अख्खी चित्रे वाटून घेतली जाऊ लागली. पहिले चित्र या कार्डाने काढायचे, दुसरे त्याने, तिसरे पुन्हा याने.

कागदावर चित्रांची संख्या वाढली, पण एक गोम राहिली. दोन चित्रे लागोपाठ येत आणि मग किंचित खळ पडे, पुन्हा दोन लागोपाठ, पुन्हा खळ. सेकंदाला साठ चित्रे मोजून भरत, तरी डोळ्याला अडखळल्यासारखे होई. मला हे चटकन कळले, कारण मी थोडीफार पेटी वाजवतो. सोळा मात्रा सोळाच असतात, पण दोन मात्रा घाईने आणि तिसरी रेंगाळत आली तर तबलजीकडे वळून बघावेच लागते.

शिवाय स्मरणाचा घोटाळा. प्रत्येक कार्डावर स्वतःची मेमरी असते. २०१४ मध्ये एएमडीने रेडिऑन आर९ २९५एक्स२ नावाचे कार्ड काढले. एकाच पाटीवर दोन चिप, कारखान्यातूनच बसवून आलेली पाण्याची नळी आणि रेडिएटर, ५०० वॉट वीज, किंमत १,४९९ डॉलर. खोक्यावर मेमरी ८ जीबी. पण खेळताना दोन्ही चिपना तेच सामान आपापल्या फडताळात ठेवावे लागे, म्हणून उपयोगाचे चारच. एका वर्गात दोन मुले आणि दोघांकडे तेच पाठ्यपुस्तक असेल तर वर्गात दोन पुस्तके आहेत असे म्हणता येईल, पण वाचायला धडे तेवढेच.

पुढे २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आले आणि दोन कार्डांत काम वाटण्याची जबाबदारी बव्हंशी खेळ बनवणाऱ्यांवर पडली. त्यांनी ती उचलली नाही. शंभरात एखाद्याकडे असणाऱ्या दुसऱ्या कार्डासाठी एवढा खटाटोप कोण करणार? एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयची नवी सोय करणे थांबवले. आज नवा खेळ लावला तर दुसरे कार्ड बहुधा शेजारी झोपून राहते.

"आणि तुझ्या कामात?"

"कामात दोन्ही राबतात."

इमारतीचे अंतिम चित्र तयार करणे, ज्याला ही मंडळी रेंडर म्हणतात, ते काम निराळ्या जातीचे. तिथे तालाचा प्रश्नच नाही. प्रकाशाचा एकेक किरण कुठून निघाला, काचेवर कसा वळला, फरशीवर कसा उतरला याचे कोट्यवधी हिशेब करायचे असतात, आणि ते कोणी आधी केले, कोणी मागून, याला महत्त्व नसते. दोन गवंडी दोन टोकांनी भिंत रचत यावेत तसे. भिंत जवळजवळ निम्म्या वेळात होते. ब्लेंडर, व्ही-रे, ऑक्टेन अशा प्रोग्रामांना त्या एसएलआयचीही गरज नसते. कार्ड दिसले की त्याला कामाला जुंपतात. आणि आरटीएक्स ३०९० हेच का, तर एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांत दोघांना पुलाने जोडण्याची सोय असलेल्या शेवटच्या पिढीतले ते. २०२२ च्या ४०९० मध्ये तो पूल काढून टाकला. पूल असला तर काही प्रोग्रामांत दोघांची २४-२४ जीबी मेमरी मिळून वापरता येते. गोव्यातल्या एका मोठ्या वसाहतीचे काम झाडाझुडपांसकट त्याच्या जुन्या कार्डाच्या मेमरीत मावलेच नव्हते. ते त्याला तुकडे करून, चार रात्री जागून, द्यावे लागले होते.

वापरलेली कार्डे घेण्याचे कारणही त्याने सांगितले. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डे लावून ते चलन 'खणणाऱ्यांचा' धंदा एका दिवसात बसला. त्यांची कार्डे बाजारात आली. दिवसरात्र राबवलेली असतात, त्यामुळे पारखून घ्यावी लागतात. या ३०९० ला मेमरीचे निम्मे तुकडे पाटीच्या मागच्या अंगाला आहेत आणि तीच बाजू जास्त तापते.

म्हणजे माझा हिशेब नेमका उलटा होता. ज्या दुसऱ्या कार्डाला मी चैन समजलो होतो तेच निखळ कामाचे होते. खेळ खेळला जाणार होता तो पहिल्यावर, ज्याच्याबद्दल मला काही संशयच आला नव्हता. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत बरोबर उत्तरावर फुली मारल्याचे मागाहून लक्षात यावे, तसे मला झाले.

राहता राहिले पाणी. ते मला अजून थेर वाटत होते. दिवे लावलेल्या नळ्या! त्यावर उत्तर भाच्याने दिले नाही, माझ्या बहिणीने दिले. ती चहाचे कप घेऊन आली होती, पडद्यावरचे चित्र बघत थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, हे तर भट्टीच्या कॉईलसारखंच आहे की."

माझे मेहुणे उद्यमबागेत एका फाउंड्रीत इंडक्शन भट्टीवर होते. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्या भट्टीचे वेटोळे भरीव नसते, तांब्याची पोकळ नळी असते आणि तिच्यातून सतत पाणी फिरत असते. आत वितळलेले लोखंड, बाजूला तांबे, आणि तांबे शाबूत राहते ते त्या पाण्यामुळे. लाईट गेली तरी पाणी थांबून चालत नाही, कारण आतला रस तापलेलाच असतो. म्हणून वर उंचावर पाण्याची टाकी ठेवतात. हे सगळे माझ्या बहिणीला नवऱ्याच्या तोंडून ऐकून पाठ होते. संगणकाला तिने कधी बोट लावलेले नाही, पण पंप, नळी, रेडिएटर हा कारभार तिला माझ्याआधी समजला. "पाणी थांबलं की खेळ खलास," एवढे बोलून ती आत गेली.

मला हौसेचे वाटलेले पाणी असे कामाचे निघाले. हवेवर थंड होणारी ही कार्डे तीन-तीन बोटे जाड असतात. दोन शेजारी लावली की खालच्याने सोडलेली गरम हवा वरचे ओढून घेते. एकेक ३५० वॉटचे, दोन्ही मिळून ७००. त्यांच्यावरचे पंखे काढून तांब्याचा चपटा ठोकळा बसवला की कार्ड पातळ होते आणि उष्णता पाण्यावाटे बाजूला जाते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊ शकते. फक्त पथ्ये पाळावी लागतात. शुद्ध पाणी किंवा तयार मिळणारे द्रावणच घालायचे, ते ठरावीक काळाने बदलायचे, आणि तांब्याच्या ठोकळ्याबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर कधी जोडायचा नाही, नाहीतर दोन धातूंच्या भांडणात ॲल्युमिनियम कुजते. गळतीची भीती असतेच. बंद पेटीतले तयार कूलर भरण्याची कटकट नसते, पण त्यांचा पंप बिघडला की बहुधा सगळेच बदलावे लागते.

एक गोष्ट मात्र मी त्याला ऐकवली. पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते ती फक्त पेटीतून उचलून खोलीत आणून टाकते. सातशे वॉट आत शिरले की सातशे वॉट खोलीत येणारच. तुम्ही पंखा लावा, पाणी लावा, नाहीतर तीर्थ शिंपडा.

"ते मला ठाऊक आहे, मामा," तो म्हणाला. "मी उष्णता घालवायला पाणी घेत नाही. जागा करायला घेतो. आणि आवाज नको म्हणून. आई शेजारच्या खोलीत झोपते."

हे कारण कोटेशनात कुठेच नव्हते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. दुसरे कार्ड कामाचे, पाणी कामाचे, मग खेळ उरला कुठे? तो उरला होताच. पडदा साध्यापेक्षा किती तरी महाग घेतला होता, सेकंदाला २४० चित्रे दाखवणारा. उभ्या असलेल्या इमारतीच्या चित्राला ती कशाला हवीत? खेळाडूची खुर्ची होती. नळ्यांतले दिवे होते. मी बोट ठेवले तेव्हा भाचा हसला आणि म्हणाला, "हे पण पाहिजेच की."

आपल्या भाषेची इथे मोठी गंमत आहे. मराठीत 'लागते' आणि 'हवे' हे वेगळे आहेत. भाकरीला पीठ लागते. सोबत ठेचा हवा असतो. पण 'पाहिजे' हा शब्द मधल्या कुंपणावर बसलेला. तो दोन्हीकडे उडी मारतो. कानडीत तर 'बेकु' या एकाच शब्दात गरज आणि इच्छा दोन्ही नांदतात. आमच्या बाजारात दिवसभर हा शब्द ऐकू येतो आणि कुणी अडत नाही. त्याच्या जोडीला कानडीने एक छोटासा शब्द दिला आहे, 'साकु'. पुरे. पंक्तीत वाढप्याने पुन्हा डाव पुढे केला की पानावर हात आडवा धरून जो म्हणायचा तो. बेकु म्हणायला माणसाला शिकवावे लागत नाही. साकु कधी म्हणायचे, हे त्या पानावर बसलेल्यालाच ठरवावे लागते, वाढप्याला ते ठाऊक नसते. बाजाराला तर नाहीच नाही. २०२५ च्या जानेवारीत ५०९० जाहीर झाले, एकट्याला ५७५ वॉट.

आणि बाजाराला हे दुहेरी मन फार पूर्वीच कळले आहे. २०१६ मध्ये एएमडीने रेडिऑन प्रो ड्युओ हे पाण्यावर चालणारे दुहेरी कार्ड काढले. ते ज्यांना घडवायचेही आहे आणि खेळायचेही आहे अशांसाठी, असे उघडपणे सांगून ते विकले गेले. दुसऱ्या वर्षीच्या व्हेगा फ्रंटियर एडिशनमध्ये तर कामाचा आणि खेळाचा असे दोन प्रकार बदलण्याची सोयच प्रोग्राममध्ये होती. एक कळ दाबली की माणूस कारागीर, दुसरी दाबली की खेळगडी. मला हे वाचून हसू आले, पण नंतर वाटले की ही कळ दाखवणारी कंपनी त्या कर्जाच्या अर्जापेक्षा प्रामाणिक आहे. तिने दोन्ही उद्देश लिहिले तरी.

आपल्याकडे नैयायिकांनी विचार करण्याजोगे जे सोळा पदार्थ मानले त्यात 'प्रयोजन' हा एक आहे. प्रयोजनाशिवाय माणूस हलत नाही, असा त्यांचा रोख. उलट ब्रह्मसूत्रांत, ज्याला काही कमी नाही त्या ब्रह्माने सृष्टी निर्माण करावीच कशाला, या प्रश्नाला उत्तर दिले आहे की ती लीला आहे. खेळ. त्याला प्रयोजन नाही. म्हणजे काम हे नेहमी कशासाठी तरी असते आणि खेळ खेळासाठीच. ॲरिस्टॉटल याच्या उलट बाजूने सांगतो की करमणूक ही विश्रांतीसारखी आहे. माणसाने खेळावे ते पुन्हा नेटाने काम करता यावे म्हणून. शाळेतल्या पी. टी.च्या तासाचे समर्थन आम्ही ॲरिस्टॉटलच्याच पद्धतीने करतो. खेळाने शरीर सुदृढ होते, अभ्यासात लक्ष लागते. मुले मात्र घंटा झाल्यावर मैदानाकडे ज्या आवाजात पळतात त्यात अभ्यासाचा लवलेश नसतो.

मला वाटते, खोटेपणाची सुरुवात इथे होते. खेळ वाईट म्हणून नव्हे. खेळाला कारण द्यावे लागते, तो नुसता खेळ म्हणून कुणासमोर उभा राहू शकत नाही, म्हणून. पतसंस्थेसमोर नाही, मामासमोर नाही, आणि हळूहळू स्वतःसमोरही नाही. माणूस दुसऱ्याला सांगण्यासाठी एक कारण घडवतो आणि चार वेळा सांगितल्यावर तेच आपले कारण आहे असे धरून चालतो. त्यापुढची पायरी वाईट. काम आहे म्हणून यंत्र घेतले, आता यंत्र आहे म्हणून जास्त काम घ्यायचे, आणि जास्त काम आहे म्हणून पुढचे यंत्र. तिथे साकु म्हणायला कुणी शिल्लकच राहत नाही. खेळायचे आहे म्हणून घेतले, असे एकदा मोकळेपणी म्हटले असते तर निदान किती खेळायचे हे तरी ठरवता आले असते.

हे मी भाच्याला ऐकवायच्या बेतात होतो. पण त्याच्या खोलीतून निघून घरी आलो आणि माझी पेटी दिसली.

१९९७ साली मी शिक्षकांच्या सोसायटीतून कर्ज काढून ती घेतली. लग्न नुकतेच झाले होते, पगार बेताचा. उद्देशाच्या रकान्यात मी लिहिले होते, 'विद्यार्थ्यांना प्रार्थना व समूहगीते शिकविण्यासाठी वाद्य'. वाक्य अजून पाठ आहे, कारण ते जुळवायला मला एक रात्र लागली होती. त्यावर माझ्याहून ज्येष्ठ अशा एका शिक्षकांनी जामीन म्हणून सही केली. ती पेटी पहिली दोन वर्षे मी शाळेत नेलीच नाही. भिजेल, मुले हात लावतील, अशी कारणे सांगितली. रात्री दार लावून नाट्यपदे वाजवत बसायचो. तिसऱ्या वर्षी लाज वाटली म्हणून नेली. मग खरोखरच शिकवले. पुढे वीस वर्षे आमच्या शाळेची प्रार्थना त्या पेटीवर झाली, आणि तिच्यावर शिकलेली दोन मुले आज चांगली वाजवतात.

तेव्हा मी १९९७ मध्ये खोटे लिहिले होते का? लिहिले त्या दिवशी ते खोटे होते. वीस वर्षांनी ते खरे झाले होते. ज्यांनी सही केली त्या गुरुजींना माझा नाद माहीत होता, सही करून कागद परत देताना ते म्हणाले होते, "सूर चांगले बघून घ्या." प्रार्थनेला कुठली पेटी चालत नाही? त्यांनी काय ओळखले होते हे मला त्या श्रावणात, सत्तावीस वर्षांनी समजले. ते आता नाहीत. नाहीतर रिक्षा करून गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला बोलावून पेटीची हकीकत सांगितली. उपदेश केला नाही. फक्त म्हटले, "एक महिना वहीत मांड. रेंडर किती तास, खेळ किती तास, आणि मेमरी कितीदा कमी पडली. मग ये." तो थोडा हिरमुसला, पण महिन्याने वही घेऊन आला. रेंडरसाठी नुसते थांबण्यात गेलेले तास एकशे बारा. मेमरी कमी पडून काम तोडावे लागले ते पाच वेळा. खेळ एकेचाळीस तास. खेळाचा आकडा त्याने लपवला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मला वाटले होते त्यापेक्षा तो कमी होता. बिचारा खेळत होता तोही रेंडर संपण्याची वाट बघून झाल्यावर.

मग आम्ही दोघांनी बसून कोटेशन दोन कागदांवर लिहिले. एका कागदावर जे लागते ते, दुसऱ्यावर जे हवे ते. पडदा, खुर्ची, नळ्यांतले दिवे, वाजणारा-चमकणारा कळफलक दुसऱ्या कागदावर गेले. पॉवर सप्लाय आणि यूपीएसवर मी कात्री लावू पाहत होतो, ते त्याने लावू दिले नाही; ही कार्डे क्षणभर दुप्पट वीज ओढतात आणि तिथे काटकसर केली तर मशीन मधेच बंद पडते, असे त्याचे म्हणणे. दुसरा कागद त्याने स्वतःच्या बचतीतून करायचा ठरवले, जमेल तेव्हा. कर्ज साडेतीनाचे पावणेतीन लाखांवर आले.

पण कार्ड कोणत्या कागदावर? दुसरे कार्ड बिनशर्त पहिल्या कागदावर. पहिले? दिवसा ते इमारत काढणार, रात्री खेळातली नगरी. मी त्याला म्हटले, निम्मे निम्मे लिही. तो म्हणाला, "मामा, आपण काय काढतोय हे कार्डाला ठाऊक नसतं. त्याला सगळं त्रिकोणच."

यावर मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. उद्देशाच्या रकान्यात त्याने पूर्वीचेच वाक्य ठेवले. खाली मी सही केली. पतसंस्थेतल्या कारकुनाला मात्र मी सहज विचारले, कामासोबत थोडा खेळही लिहिला असता तर? तो मान वर न करता म्हणाला, "आट यारदु, सर?" खेळ कुणाचा? मी म्हटले, भाच्याचा. "मग तिथं सही तुम्ही कशाला करता?" आणि शिक्का मारून कागद फायलीत सरकवला.

मशीन दसऱ्याच्या सुमारास आले. हप्ते वेळेवर जातात. गोव्याचे ते वसाहतीचे काम पुन्हा मिळाले आणि एका रात्रीत संपले. खेळाचे तास कमी झाले आहेत असे तो सांगतो, कारण दोन्ही कार्डे रात्री कामात गुंतलेली असतात. त्यात त्याला आनंद आहे की नाही हे मी विचारले नाही. महागाचा पडदा अजून आलेला नाही. दिवे मात्र आले. एका रविवारी मी गेलो तेव्हा नळ्यांतून निळे पाणी चमकत होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

२०२५ च्या पावसाळ्यात पुन्हा एकदा त्या खोलीत डोकावलो. बाहेर चार दिवस झड लागली होती. आत रेंडर चालू होते, पंपाची बारीक घरघर ऐकू येत होती आणि रेडिएटरमधून ऊबदार वारा येत होता. त्या वाऱ्याच्या तोंडाशी माझ्या बहिणीने खुंटीपासून खुंटीपर्यंत सुतळी बांधली होती आणि तिच्यावर दोन परकर, एक टॉवेल आणि भाच्याचे मोजे वाळत घातले होते. "दोन तासांत खडखडीत," ती म्हणाली, आणि कपडे उलटे करू लागली.